भावोजींच्या छातीचं माप

१२ ऑगस्ट

आक्के,

वाकून नमस्कार केलाय असं समज. प्रत्यक्षात गुडघा वाकू देत नाही, पण पत्रात सगळं जमतं.

परवाच्या फोनचा काही उपयोग झाला नाही. तुला फोनवर अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं रचतेस. मी म्हणालो, "लोकर आणली," तर तू विचारलंस, "नोकर कशाला आणलास?" तेव्हा आता पत्रच बरं.

तर, लोकर. मी विणकाम शिकलोय. हसून घे, मी थांबतो.

झालं असं की रक्तदाब मोजताना डॉक्टरांनाच घाम फुटला. म्हणाले, "काम काय करता?" म्हटलं, "ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो." त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "हाताला काहीतरी शांत काम द्या." त्याच संध्याकाळी ही तिच्या कामावरून, कपड्यांच्या दुकानातून येताना सुया आणि लोकर घेऊन आली आणि माझ्या मांडीवर टाकून म्हणाली, "घे. आणि आता माझ्या स्वयंपाकावर टीका करणं बंद."

तेव्हापासून मी विणतोय. पहिला मफलर करायला घेतला. टाके घालायचे कसे ते शिकलो होतो, बंद करायचे कसे ते कुणी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे तो वाढतच गेला. एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला आमचा बोका असे आम्ही आठवडाभर बसायचो. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, याला आता वेगळा पत्ता द्यावा लागेल." मग टोपी केली. ती लेकीच्या डोक्यात गेली नाही, पण चहाच्या किटलीवर अगदी शोभून दिसते. मोज्यांपैकी एक माझ्या पायात बसतो. दुसरा कुणाचा आहे ते अजून कळलेलं नाही.

एवढा अनुभव गाठीशी असल्यावर माणूस स्वेटरला हात घालणारच. पण घरात अंग द्यायला कुणी तयार नाही. ही म्हणते, मला थंडी वाजत नाही. लेक म्हणते, मला वाजते, पण चालेल. तेव्हा मी भावोजींना धरलंय. पोहायला शिकवणारा माणूस, दारात उभा राहिला की पलीकडचं दिसत नाही, असं अंग डोळ्यांसमोर असलं की विणणाऱ्याला हुरूप येतो. लोकर बाटलीच्या काचेसारखी गडद हिरवी आहे. छातीचं माप कळव.

तुझा,
टिल्लू
(पन्नाशी उलटलेल्या माणसानं अशी सही करावी लागते याला जबाबदार तू आहेस.)


२ सप्टेंबर

टिल्लू,

तुझं पत्र ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मफलरपाशी आले तेव्हा हे एवढे हसले की ठसका लागला आणि मला पाणी आणायला उठावं लागलं. किती दिवसांनी असे हसले.

माप चव्वेचाळीस. मोजायची गरज नाही, लग्नापासून पाठ आहे. हे म्हणतात, "बाह्या दोन असतात हे त्याला लिही, आणि दोन्ही एकाच माणसाच्या असतात हेही लिही."

गळा उंच करू नकोस, ह्यांना गुदमरल्यासारखं होतं. बाकी तुझी कला.

इकडे ठीक. हे सध्या तलावावर जात नाहीत, सर्दी धरून बसलीय. घरी बसून मला भांडी कशी घासायची ते शिकवतात. मी म्हटलं, आयुष्यभर लोकांना हातपाय मारायला शिकवलंत, आता स्वतः दोन हात मारा.

तुझ्या बायकोला सांग, आमच्या धाकटीनं पाठवलेला ब्लाउज अंगाला छान बसला. तिला माप कळतं. तुझ्याबद्दल मात्र मी देवावर सोडलंय.

आक्का


९ ऑक्टोबर

आक्के,

सोबत पार्सल आहे. उघडताना भावोजींना खुर्चीत बसव.

पाठ झकास झाली. पुढच्या भागावर मी वेणीची वीण घातली, म्हणजे लोकरीची वेणी घातल्यासारखी उभी नक्षी दिसते. निदान पुस्तकात तशी दिसते. माझी वेणी सकाळी घातलेली आणि रात्री सोडायची राहून गेलेली अशी दिसते. डावी बाही उजवीपेक्षा किंचित लांब आहे. किंचित म्हणजे, भावोजींनी डावा हात जरा लांब ठेवला तर कळणार नाही.

बराचसा स्वेटर परवाना कचेरीच्या बाहेर झाला. माझे शिकाऊ लोक आत परीक्षा देत असतात आणि मी बाहेर कट्ट्यावर विणत असतो. बाकीचे मास्तर सिगारेटी ओढतात. त्यांनी माझं नाव "सासूबाई" ठेवलंय. एकानं मात्र हळूच बाजूला घेऊन विचारलं, "उलट टाका कसा घालतात?" त्याचाही रक्तदाब वाढलाय.

लेकीनं स्वेटर बघितला आणि म्हणाली, "बाबा, हा स्वेटर आहे हे ओळखू येतं." यापेक्षा मोठं बक्षीस मला आजवर मिळालं नव्हतं.

भावोजी काय म्हणाले ते शब्दशः कळव. शिव्याही चालतील.

टिल्लू


२१ ऑक्टोबर

टिल्लू,

स्वेटर पोचला. वेणी मला आवडली, खरंच आवडली. पण बाबा, फारच सैल झालाय. खांद्यावरून उतरतो. काखेत एवढी जागा आहे की तुझा बोका आत संसार मांडेल.

चाळीसच्या मापानं कर. परत पाठवतेय. उसवून पुन्हा करता येतो ना रे? बाहीचं काही नाही, हे म्हणाले, "डावी लांब आहे ते राहू दे, घड्याळ झाकलं जाईल, वेळ बघायची कुणाला आहे."

तुझा हात सैल आहे, एवढंच. मनाला लावून घेऊ नकोस.

आक्का


१८ नोव्हेंबर

आक्के,

मनाला लावून न घेता मी फक्त दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी हिनं ताट पुढ्यात सरकवलं आणि म्हणाली, "स्वेटर सैल झालाय, तू कशाला ताणून धरतोयस?"

मग बसलो आणि सगळा उसवला. उसवलेली लोकर अशी कुरळी होते की विचारू नकोस. ती धुवायची, वजन बांधून वाळत टाकायची, तेव्हा कुठे सरळ होते. आमच्या बाल्कनीत हिरव्या लडी लोंबत होत्या. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "वेल छान वाढलाय हो."

हात सैल का पडला याचा मी कसून तपास केलाय. माझ्याकडे सध्या एक बेकरीवाल्या बाई शिकायला येतात. इतकी सुरेख गाडी चालवतात की मास्तरांच्या बाजूला असतो त्या दुसऱ्या ब्रेकवरचा माझा पाय चक्क झोपतो. त्यांच्या महिन्यात मी निवांत होतो, म्हणून टाके सैल पडले. आता त्या पास झाल्या आणि त्यांच्या जागी एक दातांचे डॉक्टर आलेत. त्यांनी गाडी मागे घेताना परवा दुधाच्या टपरीला असा मुका दिला की टपरीवाला दूध सोडून पळाला. या दातांच्या डॉक्टरांच्या कृपेनं माझे टाके आता इतके घट्ट पडतात की सुई बाहेर ओढायला हिची मदत लागते.

म्हणजे हा स्वेटर सैल होणं शक्य नाही. चाळीस म्हणजे चाळीस. पाठवतोय. यावेळी दोन्ही बाह्या सारख्या आहेत, त्याबद्दल भावोजींची क्षमा माग.

सर्दी गेली ना त्यांची?

टिल्लू


३० नोव्हेंबर

टिल्लू,

स्वेटर मिळाला. थोडा सैलच आहे रे. अडतीस कर.

सर्दी आहे अजून. अंगातली थंडी जातच नाही. म्हणून जमलं तर लवकर कर. गळ्याशी आणि मनगटाशी जरा घट्ट घे, वारं शिरतं.

पत्रं लांब लिहीत जा. दातांच्या डॉक्टरांचं पुढे काय झालं ते हे रोज विचारतात.

आक्का


८ डिसेंबर

आक्के,

आज विनोद सुचत नाहीये. जे घडलं ते तसंच लिहितो.

काल संध्याकाळी मी स्वेटर उसवायला बसलो होतो. बाह्या सोडवून झाल्या होत्या, अंग शाबूत होतं. तेवढ्यात ही दुकानातून आली. दारातच म्हणाली, "परत?"

म्हटलं, "परत. आता अडतीस."

ती चप्पल काढता काढता थांबली. "आधी चव्वेचाळीस, मग चाळीस, आता अडतीस?"

"माझा हात सैल आहे. आक्काच म्हणते."

"आण इकडे."

तिच्या गळ्यात दुकानातली टेप तशीच होती. तिनं स्वेटर जेवणाच्या टेबलावर पसरला, हातानं सारखा केला आणि मोजला. पुन्हा मोजला. मग म्हणाली, "बरोबर चाळीस आहे. तुझा हात चांगला आहे."

आक्के, हे वाक्य ऐकायला मी किती महिने आसुसलो होतो. आणि ऐकलं तेव्हा टेप ओढून घेऊन मी स्वतःच पुन्हा मोजलं.

ती खाली बसली. म्हणाली, "आमच्याकडे गणवेशाला पोरं येतात. त्यांचं माप दर वर्षी वाढतं. मोठ्यांचं पोटाशी वाढतं. या वयाच्या माणसाची छाती अशी भराभरा उतरत नाही. आणि उतरली तर तो लोकरीचा दोष नसतो."

मी पुन्हा तुझी सगळी पत्रं काढून बसलो. सर्दी, ठसका, थंडी जात नाही. सगळं लिहिलेलं होतं. मी मात्र प्रत्येक ओळीत स्वतःचंच नाव शोधत होतो. माझा हात, माझे टाके, माझी फजिती. स्वतःवर हसण्याचा एक तोटा असा की माणूस त्यातही मधोमध स्वतःलाच बसवतो.

लगेच फोन केला. तू म्हणालीस, "ऐकू येत नाही," आणि ठेवून दिलास. मला वाटतं, या वेळी तुला सगळं ऐकू आलं होतं.

काय झालंय भावोजींना? खरं लिही. रक्तदाबाची काळजी करू नकोस, तो माझ्याकडे सोपव.

टिल्लू


१३ डिसेंबर

टिल्लू,

धाकटी हुशार आहे. मला तिचीच भीती होती.

ह्यांच्या आतड्यात गाठ आहे. ऐन पावसाळ्यात कळलं. तुझं पहिलं पत्र आलं ना, त्याच्या आदल्या आठवड्यात. चव्वेचाळीस मी खोटं नाही लिहिलं, मला खरंच तेवढंच पाठ होतं. तुझा स्वेटर ह्यांच्या अंगात घातला तेव्हा मला दिसलं. हे आरशासमोर उभे होते आणि मी मागून खांदे सारखे करत होते. करता करता नुसती लोकरच हातात येत होती. हे आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याला लिही, हात सैल आहे."

मी म्हटलं, खरं कळवू. तर म्हणाले, "नको. सगळे मला हळू आवाजात विचारतात, कसं वाटतं. एकटा तो मला मफलरची आणि बोक्याची गोष्ट सांगतो. त्याच्या पत्रात मी अजून चव्वेचाळीस आहे. तेवढं एक ठिकाण राहू दे."

म्हणून तुझ्या हाताला नावं ठेवली. तू त्यापायी दोन दिवस उपाशी राहिलास ते वाचून मला हसूही आलं आणि रडूही. काय करू?

औषधं देऊन गाठ आधी लहान करायची होती, आता वीस तारखेला ऑपरेशन आहे. रजा मिळाली तर या. दोघंही या. तू आलास की ह्यांच्यासमोर तोंड पाडून बसणार असशील तर मात्र नको येऊस.

आक्का


१४ जानेवारी

आक्के,

घरी पोचून आता बरेच दिवस झाले, पण लिहायला धीर होत नव्हता. तुझ्या कालच्या फोननंतर आला. भावोजी घरी आले, जिना स्वतः चढले आणि वर पोचल्यावर आधी मलाच शिवी दिली, हे ऐकून इकडे हिनं चक्क शेजाऱ्यांना आइस्क्रीम वाटलं.

हॉस्पिटलातला तो दिवस मी जन्मात विसरणार नाही, आणि माझ्या वागण्यामुळे तिथला स्टाफही विसरणार नाही. तोंड पाडायचं नाही असा तुझा हुकूम, म्हणून मी व्हरांड्यात मान खाली घालून विणत बसलो. इतका वेळ विणलं की काय विणतोय तेच विसरलो. शेवटी दार उघडून सर्जन बाहेर आले. मी ताडकन उठलो, मांडीवरचा लोकरीचा गुंडा घरंगळला आणि थेट त्यांच्या पायात गेला. ते म्हणत होते, "गाठ पूर्ण निघाली." तू रडत होतीस, ही तुला धरून उभी होती, आणि घरातला एकमेव कर्ता पुरुष त्या क्षणी चार पायांवर बाकाखाली लोकर गोळा करत होता. बाकाखालीच मला रडू फुटलं. तिथे बरं होतं, कुणी बघत नव्हतं. एक सिस्टर तेवढी वाकून म्हणाली, "काका, काही हरवलं का?"

आता मुद्द्याचं. मी स्वेटर पुन्हा सुरू केलाय आणि तो मी चव्वेचाळीसचाच करतोय. डॉक्टरच म्हणाले ना, हळूहळू वजन भरेल? मग भरू दे. स्वेटर तयार असेल. हिनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला, पण मी ठाम आहे. तूही ह्यात पडू नकोस.

टिल्लू


२३ जानेवारी

विणकर मेहुण्यास,

तुझ्या आक्काला बाजूला सारून आज मीच लिहितोय. अक्षर वाकडं आहे, ते तुझ्या वेणीसारखं समजून घे.

चव्वेचाळीसचा विणू नकोस.

तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. पण मेहुण्या, थंडी मला आत्ता वाजते. चव्वेचाळीसच्या स्वेटरात माझ्याबरोबर सगळं वारंही बसेल. काल मी आक्काला टेप आणायला लावली आणि शर्ट काढून उभा राहिलो. ती मोजायला तयार नव्हती. म्हटलं, मोज, पाण्यात उतरण्याआधी खोली बघावी लागते. माप पस्तीस आलं. तिला रडू आलं. मला नाही आलं, उलट जरा बरं वाटलं. एवढे महिने आम्ही दोघं त्या आकड्याला घाबरून घरात वावरत होतो. मोजल्यावर तो नुसता आकडा निघाला.

तू माझ्या आधीच्या अंगाचं माप सांभाळून ठेवलंस, त्याचा मला या आजारात फार आधार झाला. पण आता या पस्तीसवाल्याकडेही कुणीतरी बघायला हवं. तो रोज सूप पितो, जिना उतरतो आणि चढतो, आणि फारच चिडका आहे. त्याला बसेल असा एक कर. पुढे भरलो तर उसव, तुला सवय आहे.

दातांच्या डॉक्टरांचं काय झालं ते कुणीच लिहीत नाही. ही माणसाला मारायची पद्धत आहे.

तुझा
पस्तीस इंची भावोजी


२ फेब्रुवारी

भावोजी,

हुकूम शिरसावंद्य. चव्वेचाळीसची पाठ जवळजवळ झाली होती. ती उसवली. उसवताना ही शेजारी बसून गुंडा करत होती. एवढ्यावरून समजा की ती किती मोठ्या मनाची आहे.

पस्तीसच्या स्वेटरला काम कमी, म्हणून लवकर झाला. सोबत पाठवतोय. माझ्या हिशेबानं तो बसायला हवा. माझा हिशेब कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून हिनंही मोजून खात्री केलीय.

दातांचे डॉक्टर नापास झाले. गाडी चालवण्यात नाही. परीक्षकांनी तोंड उघडून पुढचं वळण सांगितलं, तर हे रस्ता सोडून त्यांच्या दाढेकडे बघायला लागले. म्हणाले, "ही काढावी लागेल." पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा आहे, आणि मधल्या काळात परीक्षकांची दाढ.

तुमचा,
मेहुणा


१९ फेब्रुवारी

टिल्लू,

बसला.

ओढावा लागला नाही की दुमडावा लागला नाही. हे आरशासमोर उभे राहिले, मी मागून खांद्यावर हात ठेवला, तर हाताखाली लोकर लागली आणि लोकरीखाली लगेच हे लागले. मला ते तुला नीट सांगता येत नाही. मी तशीच उभी राहिले, तर हे म्हणाले, "काय गं, टाके मोजतेस का?"

मग म्हणाले, तलावावर जाऊ या. उतरायचं नाही, नुसतं बसायचं. मी घाबरत घाबरत घेऊन गेले. आम्ही काठावरच्या बाकावर बसलो. तिथे आता एक नवीन मास्तरीण आहे, तरुण आहे पोरगी. ती बायकांच्या एका गटाला शिकवत होती. हे बाकाच्या कडेला सरकून बघायला लागले. मग चुळबुळ सुरू झाली. मग पुटपुटायला लागले, "कोपर, कोपर." मी म्हटलं, तुमचं काम नाही ते. ऐकतात कुठले. उठले, काठाशी गेले आणि त्या हिरव्या स्वेटरात हात वर करून दाखवायला लागले, कोपर कसं उचलायचं, हात पाण्यात कसा घालायचा. मास्तरीण आधी चमकली, मग बाजूला सरकली आणि बघत राहिली. पाण्यातल्या सगळ्या बायका थांबल्या आणि ह्यांच्याकडे बघून हात फिरवायला लागल्या.

पाच मिनिटांत दमले. परत येऊन माझ्याशेजारी बसले, धापा टाकत होते. म्हणाले, "तिसरी बाई चांगली पोहेल."

मी तिथे बाकावर बसून मनसोक्त रडून घेतलं, टिल्लू. कुणाला काही कळलं नाही. तलावावर सगळ्यांचेच चेहरे ओले असतात.

आक्का